माझ्या शिकण्याच्या नवसाचा कोंबडा

आमच्या घराला दार होतं, पण दाराला कडी नव्हती. कडी लावून राखावं असं आत काही नव्हतंच. एक जातं, दोन उतरंडी, त्यातली एक बहुतेक वेळा रिकामी, आणि एक वाकळ, जी थंडीत कुणाच्या अंगावर जास्त येते यावरून आम्हा भावंडांची रोज मारामारी. आबा, म्हणजे माझे वडील, पाटलांकडं सालगडी होते. सुगीत ज्वारी घरात यायची आणि पाऊस पडायच्या आत संपायची. मग आय तरवट्याची भाजी उकडायची आणि एका भाकरीचे इतके तुकडे करायची की मोजणाऱ्याला वाटावं, केवढा स्वयंपाक केलाय.

हे मी कुणाला दया यावी म्हणून सांगत नाही. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. आहे, आणि ते सांगताना मान खाली घालायची मला सवय नाही. पण सुरुवात कुठून झाली ते सांगायला हवं. सुरुवात एका कोंबड्यापासून झाली.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं. घरात आयच्या एकटीच्या मालकीचं एकच होतं, तिच्या कोंबड्या. एका उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला. सकाळी डालगं उचलावं तर दोन-तीन माना टाकून पडलेल्या. रोग सरला तेव्हा तीन कोंबड्या उरल्या आणि कोंबडा एकही नाही. अंडी मिळायची, पण कोंबड्याशिवाय त्यातून पिलं कुठली निघायला? आय तशीच पायी तामलवाडीला तिच्या भावाकडं गेली आणि दुसऱ्या दिवशी काखेत एक कोंबडा घेऊन आली. तांबडा, शेपूट काळी-हिरवी, तुरा एका डोळ्यावर कललेला. मामानं तो बहिणीच्या मायेनं दिला असं आम्ही बरेच दिवस समजत होतो. पुढं कळलं की त्यानं मामाच्या सासऱ्याला टोचलं होतं आणि मामी म्हणाली होती, एक तर हा घरात राहील, नाहीतर मी.

आयचा बेत साधा होता. पिलं काढायची, वाढवायची, नळदुर्गच्या बाजारात न्यायची आणि त्यावर मला शाळेत घालायचं. गावात मारुतीच्या देवळात एक मास्तर चौथ्या जमातीपर्यंत शिकवायचे. मुलीनं तिथं बसू नये असा नियम नव्हता, कारण कुणी मुलगी बसेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आबांच्या डोक्यात वेगळं होतं. पाटलांची शेरडं राखायला पोर हवं होतं आणि आबांनी माझं नाव सांगून ठेवलं होतं.

तो कोंबडा येऊन पावसाळा झाला, पिलांचा पहिला घाणा निघाला, आणि गावात महसूल तपासणाऱ्या गिरदावर साहेबांचा दौरा आला.

दौरा म्हणजे साहेब चावडीत उतरणार आणि गाव त्यांना जेवू घालणार. कुणाचं तूप, कुणाचं दूध, आणि ज्याच्या दारात कोंबडं चरताना दिसलं त्याचं कोंबडं. लाल पट्टा घातलेला चपराशी सकाळीच घरोघर फिरायला लागला. आयनं घाईघाईनं कोंबडा डालग्याखाली कोंबला, वर पोतं टाकलं आणि दळायला बसली.

चपराशी दारात आला. "अम्मा, मुर्गा होना साब कू."

"कोंबडा न्हाय आमच्यात," आय म्हणाली.

डालग्यातून कोंबडा आरवला. नुसता आरवला नाही, शेवटचा सूर लांबवून, घसा साफ असल्यासारखा आरवला.

"तो ये कौन बोला?" चपराशी म्हणाला. "तुमारा मर्द?"

आयचा हात जात्यावर थांबला. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिच्या तोंडाकडं पाहिलं तर तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की पुढं काय बोलायचंय.

"त्यो व्हय," ती म्हणाली. "त्यो आमचा न्हाय. म्हसोबाचा हाय. नवसाचा."

बाहेरच्या माणसाला हे समजावं म्हणून सांगते. आमच्याकडं नवसाचा कोंबडा सोडतात. एकदा देवाच्या नावानं सोडला की तो कुणाचाच नाही. कुणी त्याला विकायचं नाही, मारायचं नाही, खळ्यावर दाणे टिपताना हाकलायचंसुद्धा नाही. नवस पुरा झाला की आखाडात म्हसोबापुढं त्याचा मान द्यायचा. तोवर तो गावात जावयासारखा फिरतो. चपराशी मुसलमान असला तरी इथलाच होता, नवसाचं त्याला ठाऊक होतं. पण माणूस बारा गावचं पाणी प्यालेला.

"निशानी कां है? दोरा नै, हळद नै," असं म्हणत त्यानं डालगं उचललं.

कोंबडा बाहेर आला. त्यानं एक पंख जमिनीला टेकवला आणि चपराशाभोवती तिरका तिरका फिरला, बायका फेर धरतात तसा. चपराशी एक पाऊल मागं सरला. तो मागं सरला आणि कोंबडा उडाला. दोन्ही पाय पुढं करून थेट लाल पट्ट्यावर. चपराशी आणखी मागं गेला, मागं उखळ होतं, आणि तो उखळात बसला. माणूस जरा रुंद होता. बसला तो बसलाच.

"बगा," आय शांतपणे म्हणाली, "म्हनलं न्हवतं का? देवाचं वारं हाय त्येला."

चपराशानं कानाला हात लावले. आम्ही दोघींनी त्याला उखळातून ओढून काढलं. कोंबडा मागायचं तो विसरला, टोपलीतली अंडी मात्र घेऊन गेला आणि जाताना गल्लीभर सांगत गेला की म्हसोबाचा मुर्गा आहे, संभालके.

दिवस मावळायच्या आत म्हसोबाचे भगतबुवा आमच्या दारात. काळे, उंच, गळ्यात कवड्या. गावातला प्रत्येक नवस त्यांच्या तोंडून बोलला जायचा आणि फिटला की मुंडी आणि एक तंगडी त्यांची. ते आले ते आधी कोंबड्याकडं बघतच आले. त्याच्या मांडीवर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"काय गं बाई, नवस बोललीस आन् मला पत्ता न्हाय?"

"बोलले मनात," आय म्हणाली.

"मनात बोल, पन कशापायी त्ये सांग. नवसाला कारन लागतंय. उद्या देव मला इचारंल, कशाचा रं कोंबडा? म्या काय सांगू?"

आयनं घरभर नजर फिरवली. नवसाला सांगावं असं कारण शोधत असावी. आजारी कुणी नव्हतं. म्हैस नव्हती, की हरवावी. मी कोळशानं भिंतीवर रेघा ओढत बसले होते, मास्तरांच्या शाळेतल्या पोरांच्या पाटीवर बघितलेल्या. आयची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"पोरगी शिकावी म्हनून," ती म्हणाली.

नेमके त्याच वेळी आबा वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन दारात आले होते. त्यांनी ऐकलं. भारा खाली टाकायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. बायकोला नाही म्हणणं त्यांना सोपं होतं, ते रोजच म्हणायचे. म्हसोबाला नाही म्हणायचं म्हणजे उद्या रानात साप निघाला तर कुणाच्या नावानं ओरडायचं?

"व्हय का?" भगतबुवांनी आबांना विचारलं.

"आता बोलली म्हंजी व्हय," आबा भाऱ्याखालून म्हणाले.

मग दोरा बांधायची वेळ आली. भगतबुवांनी काळा दोरा काढला आणि कोंबड्याला धरायला वाकले. अंगण सगळं फिरून झालं, कुडाला खेटून झालं, बुवांच्या अंगठ्याला एक टोच बसली. मी म्हणाले, "बुवा, जरा दम धरा. अंधारू द्या." मला एवढं ठाऊक झालं होतं की कोंबड्याला अंधारात दिसत नाही. दिवे लागायची वेळ झाली, तो लिंबाच्या खालच्या फांदीवर चढून बसला, आणि मी जाऊन त्याला दुधी भोपळा तोडावा तसा उचलून आणला. हूं की चूं नाही. बुवांनी दोरा बांधला आणि म्हणाले, "चल, देवाच्या नावानं झालं. आता ही शिकली की ह्यो देवाचा."

शिकले की तो मरणार, हे त्या वाक्याचं दुसरं टोक होतं. ते माझ्या डोक्यात रात्रभर टोचत राहिलं. सकाळी मात्र मी शाळेत गेले. आबांनीच मला देवळापर्यंत पोचवलं आणि मास्तरांना सांगितलं, "म्हसोबाचं काम हाय, जरा नीट शिकवा."

आता कोंबड्याचं वागणं. गावाचं एकमत होतं की त्याच्या अंगात देव आहे आणि देवाला लाल रंग चालत नाही. चपराशाचा पट्टा लाल होता ना? म्हणून बायका लाल लुगडं नेसून आमच्या गल्लीतून जाईनात. मग त्यानं पांढरं धोतर नेसलेल्या वाण्याला धरलं. लोक म्हणाले, वाण्याचं माप खोटं असणार. मग त्यानं एका गाभण शेळीला धरलं. त्यावर कुणाला काही सुचलं नाही.

कुणी त्याला दगड मारू शकत नव्हतं, काठी उगारू शकत नव्हतं. नवसाचा ना. माणसं गल्लीच्या तोंडाशी थांबायची, आत डोकवायची आणि तो नाही बघून पळत सुटायची. आणि पळालं की तो हमखास कुठून तरी यायचाच.

एके दिवशी पाटील आले. आबांना बोलवायला स्वतः यायची त्यांना गरज नव्हती, पण नांगरटीची घाई होती. कोंबडा उकिरड्यावर कोंबड्या घेऊन उभा होता. पाटील त्यांच्या मधून गेले. कोंबड्यानं पंख टेकवला, तिरका फिरला. पाटील थबकले आणि पाय मागं घेतला. पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते. पाटलांचा पटका उकिरड्यात पडला आणि कोंबडा त्यावर उभा राहून आरवला.

गल्लीत एकही माणूस हसला नाही. सगळे आपापल्या घरात जाऊन हसले.

पाटलांनी पटका उचलला, झटकला, बगलेत मारला. डोक्यावर परत ठेवायची त्यांची छाती झाली नाही. आबांना म्हणाले, "येत्या आखाडात ह्येला देवाला द्यायचा. पोरगी शिकू दे न्हायतर राहू दे. म्या बघतो म्हसोबाकडं." भगतबुवांना निरोप गेला. बुवा त्याच दिवशी येऊन कोंबड्याचं वजन हातानं बघायला लागले, पण हात लांबूनच हलवून.

आखाडाला अजून अवकाश होता. मला एकच कळत होतं. कोंबडा गेला तर नवस संपला, नवस संपला की शाळा संपली, आणि पाटलांची शेरडं माझीच वाट बघत होती. म्हणून तो असा का वागतो हे शोधून काढायचं मी ठरवलं. शाळा सुटली की उकिरड्याशेजारच्या दगडावर बसायचं आणि नुसतं बघायचं. आय म्हणायची, "शिकतीस का राखण करतीस त्येची?"

बघता बघता ध्यानात आलं की तो माणूस-जनावर असा भेदच करत नव्हता. त्याच्या लेखी आम्ही सगळे एकाच कळपातले, आणि कळपात कोण कुणाच्या वर हे रोज ठरत होतं. पंख टेकवून तिरका फिरला की तो एक गोष्ट विचारायचा, तू मोठा का मी? समोरचा मागं सरला, उडी मारली, पळाला, की त्याला उत्तर मिळालं. मग दुसऱ्या दिवशी तो ते उत्तर पक्कं करायला यायचा. काठी उगारली तरी तो खूशच, कारण मग भांडण सुरू झालं. आयला तो कधीच टोचत नव्हता. तिला त्याच्याकडं बघायला वेळच नसायचा. हातात घागर घेऊन ती सरळ चालत यायची, तो मध्ये असेल तर पायानं हळूच बाजूला सारायची, शेण सारावं तसा.

आणि नुसता भांडखोर होता असंही नाही. दाणा सापडला की स्वतः खायचा नाही. टुक टुक टुक करून कोंबड्यांना बोलवायचा, दाणा चोचीत धरून खाली टाकायचा, त्यांनी खाल्ला की मग मान वर करून उभा. आकाशात घार दिसली की त्याचा आवाज लांब आणि बारीक यायचा, आणि पिलं जिथल्या तिथं दबून बसायची. कुत्रं आलं तर आवाज वेगळा, तुटक, कटक कटक, आणि तेव्हा सगळी उडून कुडावर. मी दोन्ही आवाज ओळखायला लागले. शाळेत एकदा मास्तर उर्दूचा धडा वाचत होते, बाहेरून लांब आवाज आला आणि मी ऐकता ऐकता खाली वाकले. मास्तर म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "घार."

कधी कधी दाणा नसतानाही तो टुक टुक करायचा. चोचीत खडा असायचा. एखादी कोंबडी धावत यायची, बघायची आणि फसल्यासारखं इकडं तिकडं करायची. मी आयला हे सांगितलं तर ती बराच वेळ हसली. "बोलवायचं आधी," म्हणाली, "दाण्याचं बघता येतंय मागनं."

मग मी माझ्यावर करून बघितलं. तो तिरका फिरला तेव्हा मी मागं सरले नाही. उभी राहिले, मग हळूच एक पाऊल त्याच्याकडंच टाकलं, आणि अजून एक. त्यानं पंख आवरला आणि जमिनीवर काहीतरी टिपायला लागला, जणू काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला दिवसाढवळ्या उचलून काखेत घेतला, मान खाली करून, आणि त्याच्याच कोंबड्यांसमोरून फिरवला. त्या दिवसापासून मी मोठी.

प्रश्न पाटलांचा होता. त्यांना हे कोण सांगणार? आबा म्हणाले, "आपन न्हाय." आय म्हणाली, "तूच सांग, नवस तुझा हाय." आबांची भाकरी घेऊन मी रानात गेले. पाटील बांधावर उभे होते.

"पाटील," मी म्हणाले, "त्यो कोंबडा तुमच्यावर रागवल्याला न्हाय."

"असं का," पाटील म्हणाले. "मंग माझ्यावर जीव हाय वाटतं त्येचा."

"तुमी त्या दिवशी पाय मागं घेतला. म्हनून त्येला वाटतंय तुमी खालचं."

"कुनाच्या खालचं?"

मला खोटं बोलायचं सुचलं नाही. "आमची ती पांढरी तलंग हाय ना, यंदाची, अजून अंड्यावर न आल्याली," मी म्हणाले. "तिच्या खालचं."

आबांनी तोंडावर उपरणं घेतलं आणि बांधाकडं पाठ करून बसले. पाटलांनी चंची काढली, सुपारी कातरायला घेतली, कातरलीच नाही.

"मंग आता काय करू?" ते शेवटी म्हणाले. "माफी मागू का त्येची?"

"न्हाय. सरळ त्येच्याकडं चालत जायाचं. मारायचं न्हाय. वाकून उचलायचं, काखंत धरायचं, आन् त्येच्या कोंबड्यास्नी दिसंल असं गल्लीतनं फिरवायचं."

"म्या? कोंबडा काखंत घिऊन?"

"एकदाच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळी जेवून आडवी झाल्यावर, पाटील आमच्या गल्लीत आले. असेच आले, असं दाखवत. गल्ली रिकामी होती आणि प्रत्येक दाराच्या फटीत एक डोळा होता. कोंबड्यानं पाटलांना बघितलं आणि लगेच पंख टेकवला. खालच्याला एवढी तयारी लागत नव्हती खरं तर, पण शिस्त म्हणून.

पाटील थांबले. मी आमच्या दारातून हळूच म्हणाले, "मागं न्हाय." पाटलांच्या मिशा हलल्या. पण पाऊल पुढंच पडलं. कोंबडा गोल फिरला, पाटील आणखी पुढं. कोंबडा थांबला. पाटील वाकले, डोळे मिटून दोन्ही हातांनी त्याला धरला आणि काखेत घातला. कोंबड्यानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. पाटलांनी डोळे उघडले.

मग ते चालायला लागले. आधी सावकाश, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग परत. पांढऱ्या तलंगेसमोर तर ते मुद्दाम थांबले. तिसऱ्या फेरीला फटीतले डोळे बाहेर येऊन उभे राहिले होते आणि पाटील वाण्याला म्हणत होते, "काय न्हाय, भ्यायचं न्हाय बगा. भ्यालं की संपलं."

त्यानंतर पाटील आमच्या गल्लीतून जाताना कोंबडा उचलल्याशिवाय गेले नाहीत. कुणाला टोच बसली की त्यालाच रागवायचे, "मागं सरला आसशील." सगळं गाव सरळ चालायला शिकलं. परगावचा पाव्हणा मात्र लगेच ओळखू यायचा.

आखाड आला, गेला. पाटलांनी म्हसोबाकडं बघायचं पुढं ढकललं. पण मी चौथी जमात पास झाले त्या आखाडात भगतबुवा हातात सुरी घेऊन दारात उभे राहिले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गावात शाळा चौथीपर्यंत, पोरगी चौथी झाली, म्हणजे शिकली. नवस फेडा.

आय उंबऱ्यावर आली. "गावातली शाळा संपली," ती म्हणाली. "शिक्षन कुठं संपलं? नळदुर्गात हाय की पुढली."

"आसं न्हाय बाई. देवाला कुठवर ताटकळत ठिवायचं?"

"म्या शिकावी म्हनले, चौथीच शिकावी असं न्हाय म्हनले."

भांडण वाढलं तेव्हा पाटील आले, आल्या आल्या कोंबडा काखेत घेतला आणि म्हणाले, "ह्ये आपल्यानं व्हनार न्हाय. मास्तरास्नी बोलवा." मास्तर आले. पाटलांनी विचारलं, "मास्तर, शिक्षन कुठं संपतंय?"

मास्तर सरळ माणूस. विचारलं त्याचं उत्तर द्यायचं एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी डोळे मिटून विचार केला. ते स्वतः मिडल पास होते. धाराशिवला एका वकिलाच्या दारावर त्यांनी पाटी बघितली होती.

"बी.ए.ला," ते म्हणाले.

"बीए म्हंजी कितवी?" आबांनी विचारलं.

"लई पुढली."

"त्येच म्हनलं हुतं म्या मनात," आय लगेच म्हणाली. "बीए."

त्या अंगणात बी.ए. कुणी बघितला नव्हता. पण चार माणसांत शब्द पडला, पाटील मान हलवून मोकळे झाले आणि भगतबुवांनी सुरी उपरण्यात गुंडाळली. माझं ध्येय वगैरे म्हणतात ते असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. कोंबडा पाटलांच्या काखेतून खाली उतरला आणि दाण्यावर कोंबड्यांना बोलवायला लागला. या वेळी दाणा खरा होता.

निजाम गेला, उर्दू गेली, मी नळदुर्गला शिकले, मग धाराशिवला. आयच्या कोंबड्यांचा कळप वाढत राहिला आणि माझी पुस्तकं त्यातूनच आली. सुट्टीत घरी आले की भगतबुवा वेशीतच गाठायचे. "कितवी गं आता?" मी सांगितलं की बोटांवर उरलेली वर्षं मोजायचे आणि उसासा टाकायचे. बी.ए.पर्यंत कोंबडा वाळू नये म्हणून स्वतःच्या घरची ज्वारी आणून त्याला घालायचे. घालताना सरळ चालत यायचे.

एका सुट्टीत आले तर गल्लीत वेगळाच आरव. आमच्या कोंबड्याला त्याच्याच एका पोरानं हरवलं होतं. म्हातारा कुडाच्या कोपऱ्यात बसून होता, आरवणं त्यानं सोडलं होतं. हरलेला कोंबडा आरवत नाही. कोंबड्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. आयला म्हणाले तर ती म्हणाली, "बस जरा, बग." दुपारी तो लांब, बारीक आवाज आला. घार मला दिसलीही नव्हती. आवाज म्हाताऱ्याचा होता, आणि सगळ्यात आधी दबून बसला तो त्याला हरवणारा तरणा कोंबडा.

मी मॅट्रिकला असताना तो गेला. लिंबाखाली झोपल्यासारखा. भगतबुवांनीच त्याला म्हसोबाच्या मागं पुरला, पायातल्या दोऱ्यासकट. आबा भीत भीत म्हणाले, "मंग नवस सुटला म्हनायचा का बुवा?" शेरडांचं त्यांच्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं.

"सुटतोय कसा?" बुवा म्हणाले. "कोंबडा गेला. नवस हाय तिथंच हाय. बीए करा."

सोलापूरच्या कॉलेजातून मी निकाल घेऊन आले तेव्हा आय म्हसोबाच्या पुढं आधीच जाऊन बसली होती. शेजारी आबा, पाटील, आणि काठी टेकत आलेले भगतबुवा. बुवांच्या तोंडात एकही दात नव्हता, पण सुरी घासून आणली होती. आयनं त्याच बेण्यातला एक कोंबडा आणला होता, तांबडा, तुरा एका डोळ्यावर. हळद लावून तिनं त्याला दगडापुढं सोडला. बुवा वाकले.

कोंबड्यानं एक पंख जमिनीला टेकवला आणि तिरका फिरला.

बुवा म्हातारे झाले होते, पाय पहिल्यासारखा धरत नव्हता. एक पाऊल मागं गेलं.

सगळ्यांनी ते बघितलं. इतकी वर्षं गाव तेच तर शिकलं होतं. पाटलांनी खाली बघितलं. बुवांनी सुरीकडं बघितलं, कोंबड्याकडं बघितलं, मग म्हसोबाकडं.

"देव नको म्हनतोय," ते म्हणाले. "नारळ आना."

नारळ फुटला. बुवांना वाटीतलं मऊ खोबरं मिळालं. कोंबडा आमच्या आधी घरी पोचला. नवस फिटला. मी बी.ए. झाले, सेकंड क्लास, आमच्या घराण्यातली पहिली आणि आमच्या गावातलीही.